लिव्हरपूलला आलेली आयरिश खापरपणजी: मूळ गाव कसं शोधायचं?

सायली_मर्सीकाठ

नमस्कार मंडळी. चारेक वर्षं नुसतीच वाचतेय, पहिल्यांदाच धागा काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

मी लिव्हरपूलजवळ असते, नवरा इथलाच. त्याच्या आजी, ज्यांना सगळे नॅन म्हणतात आणि मीही म्हणते, आता ८८ वर्षांच्या आहेत. गेल्या दिवाळीत आई पुण्याहून आली होती, येताना आमचा कुलवृत्तांत घेऊन आली नातवंडांना दाखवायला. आई बोटाने दाखवतेय, हे आजोबा, हे पणजोबा, हे वाईला आले, त्याआधी कोकणात होते. नॅन शेजारीच बसलेल्या. त्यांना वाचता येत नव्हतं पण बोट वर वर कसं सरकतंय ते बघत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "माझं बोट माझ्या आजोबांपाशीच थांबतं गं."

त्यांना एवढंच माहीत आहे की त्यांचे वडील म्हणायचे, आपण मेयोचे. मेयो म्हणजे आयर्लंडच्या पश्चिमेचा परगणा. मेयोत कुठे, कधी निघाले, कोण कोण आलं, काही नाही. बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आहे त्यांच्याकडे, त्यात एक तुटलेली जपमाळ, वडिलांच्या अंत्यविधीचं कार्ड आणि कोणाचा ते कोणालाच माहीत नसलेला एक फोटो. झालं.

त्या दिवसापासून मी मागे लागलेय. आतापर्यंत हाती लागलंय ते असं. नॅनच्या आजोबांचा जन्मदाखला मिळाला, १८७० च्या दशकातला. त्यावरून पणजोबा जॉन. जॉनचं लग्न १८६८ ला लिव्हरपूलच्या कॅथलिक चर्चमध्ये, त्या दाखल्यावर वडिलांचं नाव मायकेल, पुढे 'मयत'. साक्षीदार म्हणून एक भलतंच आडनाव आहे, ते कोण कळत नाही. मग १८५१ च्या जनगणनेत लिव्हरपूलमधल्याच स्कॉटलंड रोडजवळच्या एका बोळात सापडतात ब्रिजिट, विधवा, वय २७, फेरीवाली, आणि मुलं मेरी ८ आणि जॉन ६. त्या एका घरात २३ माणसं नोंदलेली आहेत, मी दोनदा मोजली. आणि जन्मस्थानाच्या रकान्यात ब्रिजिटपुढे लिहिलंय 'आयर्लंड', मुलांपुढे 'वरीलप्रमाणे'च्या दोन दोन टिकल्या.

बस. तिथेच भिंत. १८६१ मध्ये हे तिघेही गायब. मूळ गाव कसं शोधू? बोटींच्या याद्या कुठे मिळतात? आडनाव इथे देत नाही, घरच्यांना विचारलेलं नाही म्हणून.

रेवती_आर

किती छान कारणासाठी शोध घेतेस गं. माहिती काही नाही माझ्याकडे, पण वाचतेय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

अनुपमा_डब्लिन

सायली, आधी वाईट बातमी देते. बोटींच्या याद्या नाहीत. म्हणजे हरवल्या वगैरे नाही, केल्याच नव्हत्या. १८०१ पासून १९२२ पर्यंत आयर्लंड आणि इंग्लंड एकच राज्य होतं, डब्लिनहून लिव्हरपूलला जाणं म्हणजे आपल्याकडे रेवसहून भाऊच्या धक्क्याला येण्यासारखं, कोण कशाला नावं लिहून ठेवणार. अमेरिकेला गेलेल्यांच्या याद्या आहेत त्यामुळे लोकांना वाटतं इंग्लंडच्याही असतील, आणि त्यात महिने जातात.

दुसरी वाईट बातमी. आयर्लंडची १८२१ ते १८५१ ची जनगणना जवळजवळ सगळी ३० जून १९२२ ला जळाली. यादवी चालू होती, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीत दप्तरखाना होता, तिथे स्फोट झाला आणि शेकडो वर्षांचे कागद गेले. १८६१ आणि १८७१ चे फॉर्म तर सरकारनेच आधी नष्ट केले होते, १८८१ आणि १८९१ चे पहिल्या महायुद्धात लगदा करायला दिले. पूर्ण शाबूत अशी सगळ्यात जुनी म्हणजे १९०१ ची. तुझी ब्रिजिट तोवर निघून पन्नासेक वर्षं झालेली.

आणि जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी इंग्लंडमध्ये १८३७ ला सुरू झाली, आयर्लंडमध्ये कॅथलिकांसकट सगळ्यांची १८६४ ला. म्हणजे मेरी आणि जॉनचे जन्मदाखले निघालेच नव्हते.

आता चांगलं सांगते. चर्चची रजिस्टरं पुष्कळ ठिकाणी त्या दप्तरखान्यात नव्हती, कॅथलिक पॅरिशची, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीची, तर गावातच होती म्हणून वाचली. आयर्लंडच्या नॅशनल लायब्ररीने २०१५ मध्ये ती स्कॅन करून फुकट ठेवली आहेत, साधारण १८८० पर्यंतची. पण ती बघायला पॅरिश माहीत पाहिजे. मेयो एवढ्यावर शोधायला गेलीस तर ब्रिजिट आणि मायकेल नावाच्या जोडप्यांचा ढीग लागेल. म्हणून माझं ऐक, आयर्लंडला यायची घाई करू नकोस. गावाचं नाव आयर्लंडमध्ये शोधायचं नसतं, ते इंग्लंडमधल्या कागदातून काढायचं असतं आणि मग इकडे यायचं.

एक प्रश्न. १८५१ मधला हा जॉन तुमचाच जॉन कशावरून?

सायली_मर्सीकाठ

अनुपमाताई, खरं सांगायचं तर 'बहुतेक' यावरून. वय जुळतं, बाप मयत जुळतं.

आणि एक कबुली देते. सुरुवातीला मी एका साइटवर कोणीतरी केलेली वंशावळ सापडली म्हणून ती जशीच्या तशी उतरवली होती. त्यात मायकेलचे आईवडील, त्यांचे आईवडील, सगळं १७६० पर्यंत तयार. तीन महिने मी त्या लोकांच्या मागे होते, नॅनना नावंसुद्धा सांगून बसले. मग लक्षात आलं की त्या वंशावळीतला मायकेल १८५५ मध्ये न्यूयॉर्कला जिवंत आहे. नॅनना परत जाऊन सांगावं लागलं की ती नावं आपली नाहीत. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी ती नावं डब्यातल्या एका कागदावर लिहून ठेवली होती, तो कागद काढून माझ्या हातात दिला. तेव्हापासून दाखला स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही नाव लिहायचं नाही असं ठरवलंय.

पठारकर

मला वंशावळीतलं काही कळत नाही पण ते लोक का निघाले ते मला चांगलं कळतं. आमचं सातगाव पठार, पावसाळी बटाटा. त्यांच्याकडे १८४५ ला जो रोग आला तो म्हणजे आपला करपाच, उशिराचा करपा. पानाच्या कडेला पाणी लागल्यासारखा डाग दिसतो, पान उलटं केलं की खाली पांढरी बुरशी, आणि चारपाच दिवस ढगाळ आणि भुरभुर पाऊस राहिला की आख्खं शेत काळं पडतं, वास सुटतो, बटाटा काढला तर आतून तपकिरी. आम्ही फवारणी करतो, एक औषध नाही चाललं तर दुसरं. त्यांच्याकडे काहीच नव्हतं, बोर्डो मिश्रण सापडलं १८८० च्या दशकात. आणि आमचं एक पीक गेलं तरी घरात ज्वारी बाजरी असते, त्यांच्या गरिबांच्या पोटात दुसरं काही नव्हतंच, थोडं ताक आणि बटाटा. धान्य पिकत होतं पण ते खंडापायी जायचं, दुष्काळातही देशाबाहेर धान्य जात होतं.

आयर्लंडची वस्ती १८४१ ला ८२ लाखांच्या आसपास होती, १८५१ ला ६५ लाख. साधारण दहा लाख मेले, दहा लाखांवर निघून गेले. एकट्या मेयोत ३ लाख ८८ हजारांचे २ लाख ७४ हजार झाले. सायलीताई, तुमच्या खापरपणजी त्यातून दोन पोरं घेऊन बाहेर पडल्या.

कोकणकडा७२

पठारकर, प्रतिसाद आवडला. त्यात भर घालतो. १८४७ या एका सालात लिव्हरपूलच्या धक्क्यावर तीनेक लाख आयरिश उतरले, शहराची वस्तीच तेव्हा जेमतेम तेवढी. बरेच पुढे अमेरिकेला गेले, ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नव्हते ते तिथेच राहिले. तळघरांत, बोळांत दाटीवाटीने, आणि टायफसची साथ आली, तिला इंग्रज लोक 'आयरिश ताप' म्हणायचे. आजाऱ्यांना शेवटचा विधी द्यायला जाणारे दहा कॅथलिक पाद्री त्या वर्षी त्याच तापाने गेले, टॉक्स्टेथमधल्या सेंट पॅट्रिक्स चर्चसमोर त्यांच्या नावांचा क्रूस आहे, मी २०१६ ला पाहिलाय.

बोटीचा प्रवासही बघा कसा. डिसेंबर १८४८ मध्ये स्लायगोहून लिव्हरपूलला निघालेल्या 'लंडनडेरी' नावाच्या आगबोटीवर वादळ आलं म्हणून डेकवरच्या लोकांना खाली कोंडून वरची झडप बंद केली. ७२ माणसं गुदमरून मेली. मेयोचे लोकही स्लायगोच्या बंदरातून जायचे.

१८४७ ला अजून एक कायदा आला, मदत मागायला आलेल्या आयरिश कंगालांना परत बोटीत घालून धाडायचा. हजारो परत पाठवले. म्हणजे ब्रिजिट १८५१ ला तिथे दिसतेय याचा अर्थ ती मदत न मागता फेरी करून पोरं जगवत असणार किंवा कशीतरी त्यातून सुटलेली असणार.

सायली_मर्सीकाठ

हे मी नॅनना वाचून दाखवलं, इंग्रजी करून. मग त्यांनी विचारलं, फेरी कशाची करत असेल? कोणाला माहीत आहे का?

मँचेस्टरचा_माधव

त्या भागातल्या आयरिश बायका बऱ्याचदा जळणाच्या काटक्यांच्या मोळ्या, मासे, फळं, जुने कपडे असलं दारोदार विकायच्या. नक्की काय ते जनगणनेत लिहीत नसत.

आता कामाचं. मी सासरच्या आयरिश मंडळींवर सहा वर्षं घालवली आहेत, त्यातून शिकलो ते सांगतो. हरवलेली बाई बहुतेक वेळा मेलेली नसते, तिचं लग्न झालेलं असतं. २७ वर्षांची विधवा, दोन लहान मुलं, १८५१ चं लिव्हरपूल. तिने लग्न केलं असणार हो! त्यामुळे १८६१ मध्ये आडनावाने शोधूच नका. आडनावाचा रकाना रिकामा ठेवा, मेरी अंदाजे १८ आणि जॉन अंदाजे १६, जन्म आयर्लंड, आई ब्रिजिट, शहर लिव्हरपूल, असं टाका. मुलांना सावत्र बापाचं आडनाव लावलेलं असेल.

वयाला दोनतीन वर्षं इकडेतिकडे जागा ठेवा, काहींची वयं तर दर दहा वर्षांनी सातच वर्षांनी वाढतात. ब्रिजिटची बिडी, डेलिया काहीही झालेली असू शकते, होनोराची नोरा, जेरेमायाचा डार्बी. आडनावातला ओ आणि मॅक गळतो, परत येतो, आणि मॅकगोवनचा स्मिथ झालेलाही मी पाहिलाय कारण आयरिशमध्ये त्याचा अर्थच लोहाराचा मुलगा. ब्रिजिटला सही येत नसेल तर कारकुनाने लिव्हरपुली कानाला जसं ऐकू आलं तसं लिहिलं.

तन्मय_जी

एवढी खटपट कशाला? डीएनए टेस्ट करा ना सरळ. लाळेची नळी पाठवली की काम झालं.

अनुपमा_डब्लिन

तन्मय, टेस्ट करावीच, पण तिने काम होत नाही, काम सुरू होतं. ते जे टक्के दाखवतात, इतके टक्के आयरिश वगैरे, त्यातून गाव कळत नाही. उपयोग असतो जुळणाऱ्या लोकांच्या यादीचा. ब्रिजिटचा भाऊ अमेरिकेला गेला असेल तर त्याच्या पणतवंडाच्या घरात गावाचं नाव टिकलेलं असू शकतं, तिकडच्या थडग्यांवर आणि मृत्युलेखांत आयरिश लोक गावाचं नाव आवर्जून घालायचे. आणि सायली, टेस्ट नवऱ्याची नको, नॅनची कर. त्या दोन पिढ्या जवळ आहेत, नवऱ्यापर्यंत ब्रिजिटचा वाटा चौथाई झालाय. फक्त त्यांना नीट समजावून, त्यांची मर्जी असेल तरच. या टेस्टमधून घरातल्या दडवलेल्या गोष्टीही बाहेर येतात, ८८ व्या वर्षी ते ऐकायची तयारी आहे का हे त्यांनी ठरवायचं.

नितीन_बॉर्नमथ

यावरून आयरिश पासपोर्ट मिळेल का नवऱ्याला? ब्रेक्झिटनंतर ऑफिसमधले निम्मे लोक आजीआजोबा शोधतायत.

मँचेस्टरचा_माधव

नाही. आजीआजोबांपैकी कोणी आयर्लंडमध्ये जन्मलेलं असेल तर परदेशी जन्मांच्या रजिस्टरमध्ये नाव घालता येतं. खापरपणजीवर नाही मिळत.

मोडी_वाचक

अवांतर होईल पण उपयोगी आहे म्हणून लिहितो. घरात कोणी ब्रिटिश सैन्यात होतं का बघा. १८३० च्या सुमारास त्या सैन्यातले ४० टक्क्यांहून जास्त शिपाई आयरिश होते, आपल्या पुण्याखडकीच्या छावण्यांतही होते. पेन्शन घेऊन सुटलेल्या शिपायांचे कागद लंडनला क्यूच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि त्यात जन्माचं पॅरिश लिहिलेलं असतं. जनगणनेपेक्षा शंभरपट बरं.

सायली_मर्सीकाठ

सापडले!!! हात थरथरतायत टाइप करताना.

माधवदादा, तुम्ही सांगितलं तसं आडनाव रिकामं ठेवून टाकलं. अकराव्या पानावर मिळालं. आणि गंमत म्हणजे हे पान मी आधी बघून सोडून दिलं होतं! घराचा मालक एक गोदी कामगार, बायको ब्रिजिट ३५, मग मेरी १८, जॉन १६, आणि धाकटी दोन लेकरं लिव्हरपूलला जन्मलेली. मी सोडलं कारण जॉनपुढे नातं 'सन-इन-लॉ' लिहिलंय. म्हटलं १६ वर्षांचा जावई कसा असेल, हे कोणी दुसरेच.

आणि घरमालकाचं आडनाव कोणतं माहितेय? तेच! जॉनच्या लग्नाच्या दाखल्यावरच्या साक्षीदाराचं. सात महिने तो दाखला माझ्या फाइलमध्ये आहे.

अजून एक. ब्रिजिटपुढे जन्मस्थान नुसतं आयर्लंड नाही, 'मेयो, आयर्लंड'. नॅनना फोन केला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते, त्या जाग्याच होत्या.

अनुपमा_डब्लिन

अभिनंदन! तेव्हा सावत्र मुलालाही सन-इन-लॉ म्हणत, १९ व्या शतकातल्या जनगणनेत हे सर्रास दिसतं. आणि आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांनी फक्त देश लिहायचा असा नियम होता, त्यामुळे मेयो लिहिणाऱ्या त्या कारकुनाचे आभार.

आता दुसऱ्या लग्नाचा दाखला मागव. फ्रीबीएमडी या जन्म, लग्न, मृत्यूच्या नोंदींच्या साइटवर १८५१ ते ५७ मध्ये ब्रिजिटला पहिल्या नवऱ्याच्या आडनावाने शोध. दाखल्यावर तिच्या वडिलांचं नाव असेल, म्हणजे माहेरचं आडनाव मिळालं. तेवढ्यावर थांबू नकोस, त्याच लग्नाची चर्चच्या रजिस्टरातली नोंदही बघ, लिव्हरपूलच्या बऱ्याच कॅथलिक चर्चची रजिस्टरं अ‍ॅन्सेस्ट्री या वंशावळीच्या साइटवर आहेत. सरकारी दाखल्यावर फक्त बाप असतो, कॅथलिक रजिस्टरात पुष्कळदा आईचंही नाव असतं.

सायली_मर्सीकाठ

दोन आठवड्यांनी आलेय. १८५४ चं लग्न मिळालं. ब्रिजिटने सहीऐवजी फुली केली आहे, फुलीची एक रेघ लांब गेलीय, खालच्या ओळीत शिरलीय. चर्चची नोंद लॅटिनमध्ये आहे, फोटो चढवलाय, मला 'फिलिया' एवढंच लागलं. मोडी वाचणारे कोणी जुनं अक्षर लावून देतील का?

मोडी_वाचक

लॅटिन शिकलेलो नाही पण घाईत लिहिणाऱ्याच्या सवयी सगळीकडे सारख्याच, शब्द अर्धा लिहून वर रेघ मारायची. मी 'पॅट्रिशी एट होनोरे' वाचतो. म्हणजे पॅट्रिक आणि होनोरा यांची मुलगी. अनुपमाताई, बरोबर का?

अनुपमा_डब्लिन

अगदी बरोबर. तर मग आता माहेरचं आडनाव आहे, बाप पॅट्रिक, आई होनोरा, परगणा मेयो. सायली, आता ये आयर्लंडला.

एक वाट सांगते जी फार लोकांना माहीत नाही. १९०९ च्या जानेवारीपासून ७० वर्षांच्या पुढच्या गरिबांना पेन्शन सुरू झाली. आयर्लंडमधल्या म्हाताऱ्यांकडे जन्मदाखलाच नाही, कारण नोंदणी १८६४ ची. मग वय सिद्ध कसं करायचं, तर १८४१ किंवा १८५१ च्या जनगणनेत मी अमुक गावात अमक्याची मुलगी म्हणून होते ते बघा असा अर्ज करायचा. डब्लिनचा कारकून दप्तर काढून बघायचा आणि सापडलं ते फॉर्मवर लिहायचा. जनगणना १९२२ ला जळाली पण हे फॉर्म वाचले! नॅशनल आर्काइव्ह्ज ऑफ आयर्लंडच्या साइटवर फुकट आहेत. त्यात अर्जदाराचे आईवडील, टाउनलँड, पॅरिश, सगळं असतं. टाउनलँड म्हणजे आपल्याकडच्या वाडीसारखं, तिथे अशा साठ हजारांवर आहेत.

ब्रिजिट गेली म्हणून सगळे गेले असं नाही. मागे राहिलेली तिची धाकटी बहीण किंवा भाऊ शोध, १८४० च्या आसपास जन्मलेला.

सायली_मर्सीकाठ

काल रात्री बसले होते, आत्ता सगळं सविस्तर लिहिते.

फॉर्म मिळाला. अर्जदार कॅथरिन, अर्ज १९१४ चा. वडील पॅट्रिक, आई होनोरा, आडनाव तेच, फक्त मधलं एक अक्षर वेगळं. वेस्टपोर्टच्या बाजूचं टाउनलँड. खाली वेगळ्या अक्षरात कारकुनाने लिहिलंय की १८५१ मध्ये कॅथरिन, वय ७, सापडली. ब्रिजिट आणि तिच्यात वीस वर्षांचं अंतर पडतं, ब्रिजिट गेली तेव्हा ही तीनचार वर्षांची असेल.

पण मी ठरवलं होतं ना, डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. पॅट्रिक आणि होनोरा मेयोत पुष्कळ असतील. म्हणून त्या पॅरिशचं रजिस्टर उघडलं, नशिबाने १८४० चं दशक त्यात आहे, पश्चिमेकडच्या कित्येक पॅरिशची रजिस्टरं त्यानंतर सुरू होतात. पानंच्या पानं ओल लागलेली, कडा गेलेल्या, शाई कुठे तपकिरी कुठे पुसट. १८४३ पासून एकेक ओळ वाचत गेले. १८४५ च्या मार्चमध्ये आहे: जोआनेस (लॅटिनमधला जॉन), मायकेल आणि ब्रिजिट यांचा मुलगा, ब्रिजिटचं माहेरचं आडनाव बरोबर, शेवटी तेच टाउनलँड. दोन वर्षं मागे मेरीही आहे, आणि मेरीच्या बारशाला साक्षीदार, म्हणजे गॉडमदर, होनोरा. आजीने नात मांडीवर घेतली असणार.

नॅनकडे आज सकाळी गेले. लॅपटॉपवर पान मोठं करून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि 'जोआनेस' वर बोट ठेवलं. मग बोट सरकवत टाउनलँडच्या नावापर्यंत नेलं. उच्चार कसा करायचा ते आम्हा दोघींनाही येत नव्हतं.

मग त्यांनी विचारलं, माझ्या वडिलांचं नाव पॅट्रिक कसं, ते कळलं का तुला? मी म्हटलं, नाही. त्या म्हणाल्या, घरात एक पॅट्रिक असायलाच हवा असं आजोबा म्हणायचे, का ते कोणी सांगितलं नाही.

रेवती_आर

डोळे भरून आले गं सायली. आमच्याकडेही नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, बारशाला हळूच कानात सांगायचं.

अनुपमा_डब्लिन

आयरिश लोकांत ती रीतच होती. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव, दुसरा आईच्या बापाचं, पहिली मुलगी आईच्या आईचं. सगळे पाळायचे असं नाही पण शोधताना फार कामी येते.

उच्चारासाठी लॉगइनम नावाची आयरिश गावनावांची साइट आहे, तिथे आयरिश नाव आणि अर्थ मिळेल, बऱ्याच नावांचा आवाजही ऐकता येतो. आणि ग्रिफिथची जमीन आकारणी बघ, मेयोची १८५० च्या दशकातली, आपल्या सातबाऱ्यासारखी: कूळ कोण, मालक कोण, घर आहे का, किती एकर. पॅट्रिक तेव्हा जिवंत असेल तर त्यात नकाशावर घराचा क्रमांक मिळेल.

मायकेलचं काय झालं, कळलं?

सायली_मर्सीकाठ

नाही. १८४७ ते १८५० मध्ये लिव्हरपूलला त्याच नावाचे तिघे गेलेत, तिघेही विशीतिशीतले, दोघे टायफसने ब्राऊनलो हिलच्या वर्कहाऊसमध्ये, म्हणजे कंगालांना ठेवायच्या सरकारी जागेत. वर्कहाऊसमधल्या मृत्यूची खबर तिथलाच माणूस देतो, बायकोचं नाव कुठेच येत नाही. त्यामुळे यातला आपला कोणता हे सांगता येत नाही, कदाचित तिघांतला कोणीच नसेल. मी ती जागा कोरी ठेवली आहे. ते वर्कहाऊस पाडून त्या जागेवर आताचं कॅथलिक कॅथीड्रल उभं आहे, १९६७ ला खुलं झालं, आणि नॅन तेव्हापासून दर नाताळच्या मासला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, तिथे जातात. हे त्यांना मी सांगितलं. त्या म्हणाल्या, यंदा तिघांसाठीही मेणबत्ती लावीन.

ग्रिफिथ पाहिलं. पॅट्रिक आहे, घर आणि थोडी जमीन. शेजारची दोन नावं ब्रिजिटच्या मुलांच्या बारशातल्या साक्षीदारांची आहेत.

आता मेरी राहिली. १८६१ ला १८ वर्षांची, त्यानंतर तिचा पत्ताच नाही, जॉनच्या लग्नातही साक्षीदार नाही.

मँचेस्टरचा_माधव

मेरीचं लग्न १८६१ ते ६८ मध्ये शोधा, दोन्ही आडनावांनी, खऱ्या बापाच्या आणि सावत्र बापाच्याही. नाही मिळालं तर जॉनच्या मुलांच्या बारशाच्या नोंदी काढा आणि गॉडमदर कोण कोण आहेत ते बघा. आत्या असेल तर एखाद्या तरी बारशाला आलेली असणार, आणि तिथे तिचं नवीन आडनाव असेल.

सायली_मर्सीकाठ

जॉनला सात मुलं होती. आज रात्री पहिल्यापासून सुरू करते.